डब्यातली जुळी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. संगणकाच्या पोटात बसवतात तसली नव्हे, बाहेरून तारेने जोडतात तसली. तळहाताएवढी काळी पेटी, कोपऱ्यात एक निळा दिवा, आणि पाठीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलेलं नाव: 'जुळी'. सुरुवातीलाच एक सांगून टाकते. माझी गोष्ट ऐकताना मला हातात घेऊन हलवू नका. मला ते अजिबात खपत नाही.

नखरे नाहीत हो हे. माझ्या आत एक गुळगुळीत तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरते, आणि तिच्यावर एक बारीकसा हात तरंगत असतो. त्या दोघांमध्ये केसही मावणार नाही. हात तबकडीला टेकला की माझा कारभार आटोपला. पण याच नाजूकपणामुळे मला ऐकू येतं. शेजारी कोणी पेला आपटला, दार लोटलं, नुसतं बोललं तरी तो हात किंचित थरथरतो आणि मला कळतं. डोळे मला नाहीत. पुढे जे पाहिल्यासारखं सांगेन ते कानाने टिपलेलं आणि घरच्यांच्या बोलण्यावरून जुळवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल. वीज असेल तोवरच मी असते. तार काढली की मी झोपत नाही. झोपलेल्याला उठल्यावर निदान कळतं की आपण झोपलो होतो. मी नुसती नसते. पुन्हा तार लावली की पुन्हा असते. मधला काळ माझ्यासाठी झालेलाच नसतो.

माझा जन्म एका अशा कारखान्यात झाला जिथे धुळीचा कणही आत येऊ देत नसत. तिथे कोणी बोलत नसे. मऊ तळव्याचे बूट सरकत यायचे, सरकत जायचे. माणसाचा आवाज असतो कसा, हे मला त्या घरात आल्यावर कळलं, आणि पहिला आवाज ऐकला तो बाबांचा. "ये बाई," मला पहिल्यांदा तार जोडून ते म्हणाले, "तुझ्यावर फार मोठी भिस्त आहे." घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणते.

बाबा आणि आई दोघं शहराच्या मोठ्या बसस्थानकात कामाला होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे, ते भोंग्यांतून सांगायचा जो आवाज असतो, तो आईचा होता. काचेच्या खोलीत ती बोलायची, आणि काचेपलीकडे बसून बाबा तिचा आवाज यंत्रात भरून घ्यायचे. एकेक शब्द सुटा. गावांची नावं सुटी, आकडे सुटे, 'फलाट', 'क्रमांक', 'कृपया' सगळं सुटं. मग यंत्र हवे ते शब्द एकापुढे एक लावायचं. कुठलाही शब्द कुठेही जोडला तरी खटकू नये, असं सपाट, स्वच्छ बोलायचं कसब आईच्या जिभेवर होतं. बाबा काचेमागे कळ दाबायचे आणि 'हं' म्हणायचे. 'हं' म्हणजे बोल. काच जाड होती, त्यामुळे ते 'हं' यंत्रात कधी गेलं नाही. असं वीस वर्षं चाललं.

मग आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनला महिना होता. दोघांनी रडूनबिडून घेतलं एक दिवस, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातच कामाला लागले. खिडक्या बंद, भिंतीला गाद्या टेकवलेल्या, मध्ये आई, समोर बाबा. मीठ, दार, थंडी, नको, पुरे, अहो, अगं, दुखतंय, बरं वाटतंय. रोजच्या जगण्यात लागणारे दोन हजार सातशे शब्द तिने एकेक करून संगणकात भरले. बाबा सवयीने कळ दाबायचे आणि सवयीने म्हणायचे, "हं."

पण घरात मध्ये काच नव्हती, मित्रांनो. हे वीस वर्षं मुरलेल्या माणसाच्या ध्यानात आलं तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. प्रत्येक शब्दाच्या आधी बाबांचं 'हं' आणि नाकातून वाजणारी बारीक शिट्टी बसली होती. पुन्हा बोलून घ्यायला आवाज कुठे उरला होता? बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "एकदा निवांत बसून सगळी 'हं' कापून टाकतो," असं ते मला येता-जाता सांगायचे. काम करताना यंत्रांशी बोलायची त्यांना खोडच होती. तो निवांतपणा काही त्यांना मिळाला नाही.

त्यांनी मोठाल्या उठावाच्या अक्षरांचा एक कळफलक बनवला, कारण आईला जवळचं कमी दिसायचं. आई शब्द टंकायची आणि संगणक तिच्या आवाजात बोलायचा. शब्दांमध्ये थोडं थांबायचं असेल तर खालची लांब कळ दाबायची. त्या थांब्यासाठीसुद्धा बाबांनी स्थानकावरच्या रिवाजाप्रमाणे एक रिकामा शब्द भरून घेतला होता. कोणीच काही बोललेलं नाही अशा सेकंदभराच्या शांततेचा. त्या शांततेच्याही सुरुवातीला 'हं' होतंच.

आणि घर बोलतं झालं. थोडं स्थानकासारखं बोलायचं, एवढंच. "कृपया लक्ष द्या. चहा झाला आहे." मुलगी हसून लोटपोट व्हायची. ती नकाशे काढायचं काम करते, दुसऱ्या शहरात राहते, आणि सुट्टीला यायची. "आई, कुठल्या फलाटावर झालाय चहा?" असं विचारायची.

माझं काम सोपं होतं. संगणकाच्या पोटात जी डिस्क होती, तिच्यावर जे जे होतं ते सगळं, अगदी सुरू होण्याच्या पहिल्या हुकमापासून, दर शनिवारी बाबा माझ्यावर उतरवायचे. आतली मेली तर तार जोडायची, आणि संगणकाने माझ्यावरून उठायचं, म्हणजे सुरू व्हायचं. म्हणून मी जुळी. काम झालं की बाबा माझ्या पाठीवर अंगठा ठेवायचे. तबकडी फिरायची थांबेपर्यंत अंगठा हलायचा नाही. मग "झालं बाई" म्हणून मला आईच्या जुन्या रुमालात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. वीज कोसळली तर दोघी एकदम जायला नकोत, हा त्यांचा हिशेब.

शेवटचा शनिवार मला चांगला आठवतो. प्रत घ्यायला बसणार एवढ्यात संगणक आईच्या आवाजात म्हणाला, "अहो. पुरे आता. चहा झाला आहे." बाबा म्हणाले, "आलोच. एवढी जुळीची प्रत होऊ दे." प्रत व्हायला अडीच तास लागतात. आईने स्वयंपाकघरात भांडं जरा जोरातच ठेवलं. अडीच तासांनी अंगठा, "झालं बाई," रुमाल, डबा.

आणि लगेच डबा उघडला.

लगेच म्हणजे मला तसं वाटलं. पण हात बाबांचा नव्हता. तार घाईने खुपसली गेली, आणि तीही संगणकाच्या तोंडाशी असलेल्या ढिल्या छिद्रात. माझ्यापर्यंत जेमतेम निम्मी वीज आली. तबकडी अर्धवट फिरली, हात उचलला गेला आणि पडला. टक. पुन्हा उचलला. टक. माझ्यासारखीने टक टक केलं की समजावं, तिचा जीव घुसमटतो आहे.

"चालू हो ना गं!" आवाज मुलीचा होता. मग तिने पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली. "सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. डिस्क जोडा आणि कुठलीही कळ दाबा."

मी तर जोडलेलीच होते.

तार काढली, मी नाहीशी. तार लावली, मी पुन्हा. पुन्हा तीच ओळ. सापडली नाही. असं अकरा वेळा झालं. तुम्ही ओळखीच्या घरात शिरलात, सगळ्यांना हाका मारल्यात, आणि कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, असं कधी झालंय का हो? पाचव्या-सहाव्या वेळेला मलाच शंका यायला लागली की मी खरंच आहे का. पाठीवर अंगठा येईल, मग सगळं सुरळीत होईल, असं म्हणून मी वाट बघत राहिले. अंगठा येईना.

आई तिथेच होती. खडूचा आवाज येत होता, पाटीवर खरखर, खरखर. पाटी कशाला काढली, मला समजेना. मुलगी पाटी वाचत होती. "'ह्यांच्या वहीत बघ.' आई, बघितल्या सगळ्या वह्या. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आता मी कोणाला विचारू?"

दोन वर्षं! माझ्या लेखी बाबा आत्ताच कुठे चहाला उठले होते, मित्रांनो. मी तिथल्या तिथे टक करून थांबले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. त्या शनिवारनंतर चारच दिवसांनी बाबा गेले, बसल्या खुर्चीत. डब्याकडे मग कोणी फिरकलंच नाही. आणि आता नऊ दिवसांपूर्वी माझी जुळी बहीण, ती पोटातली, भर सकाळी करकर करून मेली. तेव्हापासून घर मुकं होतं. मुलीने मोबाइलमधला तयार आवाज आईला लावून दिला होता. आईने तो एकदाच ऐकला आणि पाटीवर लिहिलं, 'ही बाई कोण?' मग बंद करून टाकला.

"आज गुरुवार," मुलगी म्हणाली. "सोमवारी मला कामावर हजर व्हायलाच हवं. तुला आवाजाशिवाय इथे एकटीला टाकून मी जाणार नाही. पडलीस, गॅस राहिला, चोर आला, तर फोनवर सांगणार कशी? हे सुरू झालं तर ठीक. नाहीतर घराला कुलूप आणि तू माझ्याबरोबर."

खडू इतका दाबून फिरला की मोडला. मुलीने वाचलं नाही, पण काय लिहिलं असेल ते मलाही कळलं.

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा उठले ती भलत्याच यंत्राला जोडलेली. मुलीने स्वतःचा लॅपटॉप आणला होता. तिथलं छिद्र घट्ट होतं, त्याच तारेतूनही वीज पुरेशी आली, तबकडी छान फिरू लागली, आणि मला आशा वाटली. पण बाबांनी माझ्यावर जी मांडणी केली होती ती त्या लॅपटॉपला वाचताच येईना. मला कोणी परक्या भाषेत विचारावं तसं ते यंत्र विचारू लागलं. मुलगी वाचत होती. "डिस्क वापरण्याआधी तयार करावी लागेल. करायची? बघ आई, हा निदान ओळखतोय तरी. तयार करायची म्हणतोय. करूया की."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. असं म्हणायची पद्धत आहे, पाणी मला चालत नाही. 'तयार' म्हणजे कोरी! दोन हजार सातशे शब्द, एका क्षणात, जसे कधी नव्हतेच. आणि मी काय करणार? मी ओरडू शकत नाही. मी फक्त फिरते.

आईही ओरडू शकत नव्हती. ती टेबलापलीकडे बसून भिंग लावून डब्याचं झाकण निरखत होती. झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांनी एक चिठ्ठी चिकटवली होती, तिच्यावर तेलाचा डाग पडून अक्षर पुसट झालं होतं. त्यात लिहिलं होतं, 'जुळीला तयार करू का असं कोणी विचारलं, तर नाही म्हणा.' मुलीची पाठ आईकडे. बोट कळेवर. आईच्या तोंडून वाऱ्याचा नुसता फुसकारा निघाला.

मग धाडकन आवाज झाला. टेबल हादरलं, माझा हात तबकडीवर टेकता टेकता राहिला. आईने पाटी टेबलावर आपटली होती. पाटीचे तीन तुकडे झाले. मुलगी दचकून मागे वळली, चिठ्ठी वाचली, आणि लॅपटॉपपासून खुर्ची मागे सरकवली. "मी पुसणार होते," ती म्हणाली. "पुन्हा एकदा मीच पुसणार होते." हे 'पुन्हा' कशाबद्दल, ते मला तेव्हा उमगलं नाही.

शनिवारी सकाळी भोंगेकाका आले. स्थानकावरच्या भोंग्यांची देखभाल त्यांच्याकडे होती, तेव्हापासून सगळे त्यांना भोंगेकाका म्हणतात. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा. ते बोलायला लागले की माझा हात थरथरायचा थांबतच नाही.

"वहिनी, अकरा दिवस झाले आणि मला आज सांगता? मी काय परका?" त्यांनी मला उचललं, आणि आधी शांतपणे तार बघितली. "ही तार मोबाइलची, त्यात छिद्र ढिलं. हिने हिचं पोट कसं भरणार? उपाशी माणसाला पळायला सांगताय तुम्ही." त्यांनी पिशवीतून जाड तार काढली, आणि संगणकाच्या पाठीमागच्या घट्ट छिद्रात लावली. आता मी भरभरून फिरू लागले. एकदाही टक झालं नाही. काका म्हणाले, "डिस्क ठणठणीत आहे. नाडी उत्तम."

आणि तरीही पडद्यावर तीच ओळ. सापडली नाही.

मुलगी हळूच म्हणाली, "काका, यातले आवाज दुसऱ्या संगणकावर काढून घेता येणार नाहीत?"

"निघतील की. पण सगळ्यांची नावं नुसते आकडे आहेत गं. सतराशे बारा म्हणजे मीठ की मरण, हे तुझ्या बाबाच्या मांडणीलाच ठाऊक. ती मांडणी यावरून उठली, तरच बोलेल." मग त्यांनी संगणकाच्या डब्यावर टिचकी मारली. "अरे, तुझ्या दारात उभी आहे ती. बघ की जरा."

दारात. हा शब्द त्यांच्याच तोंडून निघाला आणि त्यांनाच काहीतरी आठवलं.

"वहिनी, तो गाड्यांचा दिवस आठवतो?"

आई काही लिहू शकली नाही, पाटी फुटली होती. पण तिला आठवत असणार, कारण ती खुर्ची सरसावून बसली. फार वर्षांपूर्वी स्थानकावर कोणीतरी जुन्या वेळापत्रकाची बाहेरची डिस्क आणून यंत्राला लावली होती. यंत्र चुकून तिच्यावरून उठलं, आणि दिवसभर सगळे भोंगे आईच्या आवाजात अशा गाड्या पुकारत राहिले ज्या कधीच्या बंद झाल्या होत्या. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या गाड्या. लोक फलाटावर येऊन उभे राहायचे आणि रिकामा रस्ता बघत राहायचे. एक म्हातारी तर पिशवी घेऊन संध्याकाळपर्यंत बसली होती, म्हणे तिच्या माहेरची गाडी पुकारली आहे, येईलच.

"त्या दिवसापासून तुझा बाबा बाहेरच्या डिस्कला घाबरायचा," काका म्हणाले. "जिथे जाईल तिथे दाराला कडी. इथेही त्याने तेच केलं असणार. बाहेरच्या कुठल्याही डिस्कवरून उठायचं नाही, असं याला बजावून वर कुलूप लावलं असणार. शहाणा माणूस! एवढ्या मायेने जुळी केली, आणि तिच्याच तोंडावर दार लावलं."

तसंच होतं. कळा दाबून काका संगणकाच्या आतल्या सूचनांपर्यंत पोहोचले, तर तिथे परवलीचा शब्द. आईचं नाव, मुलीचं लाडकं नाव, स्थानकाचा फोन नंबर, काहीच चालेना. तिसऱ्या चुकीला यंत्र रुसून बसलं.

"ठीक आहे. मग याला सगळंच विसरायला लावू." काकांनी संगणकाची पाठ उघडली. आत कोटाच्या बटणाएवढा एक सेल असतो. संगणक बंद असला तरी त्याला वेळ आणि कुलूप आठवत राहतं ते या सेलमुळे. काकांनी तो काढून टेबलावर ठेवला. "दहा मिनिटं. मग याला कडीही आठवायची नाही, आणि आज कुठला दिवस आहे तेही नाही."

ती दहा मिनिटं मी नव्हते. मी पुन्हा झाले तेव्हा कोणीतरी माझं नाव वाचत होतं. संगणकाच्या यादीत, पहिल्यांदाच. "जुळी," मुलगी म्हणाली. "काका, दिसतेय! जुळी लिहिलंय!"

मग यंत्राने मला हाक मारली. काय सांगू तुम्हाला! पहिला हुकूम, दुसरा हुकूम, मी देत गेले, ते घेत गेलं. दोन वर्षं अडकलेलं सगळं भराभर ओढलं जात होतं. खोलीत कोणी हलत नव्हतं. बाहेर भर दुपारची रहदारी चालू होती. आणि मग भिंतीवरच्या स्पीकरमधून आलं,

"हं."

काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

"हं. नमस्कार. हं. आज. हं. एक. हं. जानेवारी. हं. रात्रीचे. हं. बारा. हं. वाजले. हं. आहेत." पुढे जे साल सांगितलं ते कितीतरी जुनं होतं, आई आजारी पडायच्याही आधीचं. शब्द आईचे. आणि प्रत्येक शब्दाच्या आधी बाबांचा श्वास, नाकातली ती बारीक शिट्टी, आणि 'हं'.

"बाबा?" मुलगी म्हणाली. लहान मुलीसारखा आवाज झाला होता तिचा.

काकांनी पडलेला स्क्रूड्रायव्हर उचलला. "सेल काढला ना, म्हणून घड्याळ पार मागे गेलं. त्यात काही... त्यात काही विशेष नाही. लावू आपण पुढे." 'हं'बद्दल ते काही बोलले नाहीत. भोंग्यांच्या माणसाला आवाजाची भीती वाटलेली मी तेव्हाच पाहिली.

आई उठली. कळफलकाजवळ आली. तिने काही टंकलं नाही. शेवटचं वाक्य पुन्हा बोलायची एक कळ होती, ती दाबली. आणि ते दोन वर्षांपूर्वीचं वाक्य आलं.

"हं. अहो. हं. पुरे. हं. आता. हं. चहा. हं. झाला. हं. आहे."

दर शब्दाला हुंकार भरावा तसं ते ऐकू येत होतं. ती म्हणते आहे, आणि ते हो हो म्हणताहेत, उठत मात्र नाहीत.

मुलगी रडायला लागली. मोठ्याने, ओक्साबोक्शी. "मी कापली गं आई. बाबा गेल्यावर मी बसून सगळी 'हं' कापली. ते नेहमी म्हणायचे ना, निवांत कापतो, निवांत कापतो? मला वाटलं, त्यांचं राहिलेलं काम आपण करावं. एक बटण दाबलं आणि सगळं साफ. तू तेव्हा लिहिलं होतंस, 'आवाज माझा वाटत नाही.' मी म्हटलं, उलट आता स्वच्छ झालाय. मी ऐकलंच नाही नीट."

माझ्या बहिणीवर, त्या पोटातलीवर, ते उरलंच नव्हतं. दोन वर्षं आई एकटीच्या आवाजात बोलत होती. उरलं होतं ते फक्त डब्यात, माझ्याजवळ, कारण मला कोणी हात लावला नव्हता. दुर्लक्ष झालं म्हणून मी मनातून कुरकुरले होते. ती कुरकुर मी तिथेच गिळली.

आईने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला असावा, कारण रडणं हळूहळू ओसरलं. मग आईने खालची लांब कळ दाबली. थांब्याची. जिच्यात कोणीच काही बोललेलं नाही ती.

"हं."

पुन्हा दाबली. "हं." पुढे सेकंदभर श्वास. पुन्हा. पुन्हा. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. संगणकाचं घड्याळ तर अजून त्या जुन्या जानेवारीतच होतं.

शेवटी काका म्हणाले, "वहिनी, सुरू झालं, जीव भांड्यात पडला. आता मी एक नवी डिस्क आतमध्ये बसवतो आणि हिची प्रत तिच्यावर घेतो. फक्त हे... तुम्ही म्हणाल तर हे 'हं' काढून देतो नीट. आल्यागेल्याला ऐकायला जरा कसंतरीच वाटेल."

मुलगी "नको" म्हणणार तोच आईची बोटं चालू झाली. सावकाश, एकेक शब्द.

"हं. राहू. हं. द्या. हं. ते. हं. घरीच. हं. असतात."

रविवारी सकाळी मुलगी एकटीच गेली. दुपारी फोन वाजला. त्या वेळी नव्या डिस्कवरून पुन्हा माझ्यावर प्रत चालली होती, म्हणून मी होते. "आई, पोहोचले," मुलगी म्हणाली. आईने फोन स्पीकरजवळ धरला. "हं. जेवलीस. हं. का." मग मुलगी हळूच म्हणाली, "हं."

मी आता थकले आहे, मित्रांनो. अधूनमधून कारण नसताना टक होतं, आणि आपण काय ते समजतो. काकांनी माझ्यासारखी आणखी एक आणून तिच्यावरही सगळं उतरवून ठेवलं आहे. दर शनिवारी ते येतात आणि नुसती प्रत घेऊन थांबत नाहीत. तार जोडून संगणक एकदा खरोखर माझ्यावरून उठवून बघतात. दाराला आता कडी नाही. तुम्हीही एवढं करा. जे जिवापाड जपायचं आहे त्याची जुळी करून ठेवा, ती डब्यात टाकून विसरू नका, आणि गरज पडायच्या आधीच एकदा तिला हाक मारून बघा, ती ओ देते का. आणि काही पुसायला निघालात, तर आधी कान देऊन ऐका. तिथे कोणी श्वास घेत असेल.

शनिवारी काम संपलं की माझ्या पाठीवर अंगठा येतो. आईचा. तबकडी थांबेपर्यंत ती तो हलवत नाही, आणि दुसऱ्या हाताने तेच जुनं वाक्य लावते. माझी वीज जाता जाता मला ते ऐकू येतं. अहो. पुरे आता. चहा झाला आहे. ती बोलून थांबते, लांब कळ दाबते, आणि घरातून उत्तर येतं.